चार बटणांची पाटी

एप्रिल अर्धा सरला की आमच्या पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या मजल्यावर तो वास परत येतो. सोल्डरिंगच्या राळेचा, तापलेल्या तारेचा आणि खिडकीतल्या कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा. तिन्ही एकात एक मिसळले की समजायचं, शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट जमा व्हायला लागले. बाहेर जबलपूरची लू, तो भाजून काढणारा वारा, दुपारचे रस्ते रिकामे करून टाकते. आवारातल्या मोहाखाली सकाळी पडलेली फुलं दहा वाजेपर्यंत तपकिरी होतात आणि त्यांचा गोड, थोडासा आंबूस वास जिन्यापर्यंत येतो. पोरं खोके घेऊन जिना चढतात. बुटांचे खोके, मिठाईचे खोके, थर्माकोल. प्रत्येक खोक्यात एक इवलासा संगणक असतो, पत्त्याच्या पानाएवढा, आणि त्याला जोडलेला एक पडदा.

आणि माझ्या मनात संशय जागा होतो.

हे लपवून उपयोग नाही. इतर बायकांना या दिवसांत लोणच्याच्या कैऱ्या आठवतात, गावी जायचे बेत आठवतात. मला आठवतं की घमापुरात कोणत्या गल्लीत तयार प्रोजेक्ट मिळतात. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे की नागपूरकडून तिलवाऱ्याचा पूल ओलांडून येणाऱ्या बसमध्ये सीटखाली खोके येतात, आत सगळं जोडून, तपासून, वर फाइलसुद्धा छापून. फक्त नाव घालायचं. मी एका वर्षी असे दोन प्रोजेक्ट पकडले होते. पेटी तीच, वायरींचे रंग तेच, मागच्या साली दुसऱ्याच पोरानं दाखवलेले. नवं लेबल नखानं उचकटलं तर खाली जुनं नाव. तेव्हापासून स्टाफरूममध्ये ‘मॅडम की नज़र’ हा शब्दप्रयोगच झाला. मला तो आवडायचा. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आवडतो.

रीना चौधरीचा प्रोजेक्ट त्यानंतरच्या उन्हाळ्यातला. बरीच वर्षं झाली. पण राळेचा वास आला की पहिल्यांदा तोच उन्हाळा आठवतो, पकडलेले दोघे नाहीत.

रीना सिहोऱ्याहून रोज बसनं यायची. तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेच्या कोपऱ्यात बसायची. तीन वर्षांत तिनं मला एकही प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. चाचणीत गुण मधलेच. बोलायची हिंदी, तीही मोजकी. चौधरी हे आडनाव आमच्याकडे दोन्हीकडचं असतं, मराठीही आणि हिंदीही, आणि मी तिला न विचारताच हिंदीच्या खात्यात टाकून दिलं होतं. मीही तिथं हिंदीच बोलते. वडील अमरावतीकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, मी इथेच जन्मले. मराठी माझ्यासाठी उंबऱ्याच्या आतली भाषा. बाहेर पडताना चपला घालाव्यात तशी मी हिंदी घालते.

परीक्षा शुक्रवारी होती. बाहेरचे परीक्षक आले होते, त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. रीनाचा नंबर दुपारच्या जेवणानंतरचा. तिनं टेबलावर एक पसरट पत्र्याचा डबा ठेवला, त्याच्या झाकणात हातभर नाही पण वीतभर रुंद पडदा बसवलेला. डब्यातून एक लांबलचक वायर निघाली होती, चांगली वीस हात तरी असेल, आणि तिच्या टोकाला लाकडी ठोकळ्यावर दारावरच्या घंटीची चार बटणं. एक बटण दाबलं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक शब्द येई. दुसरं दाबलं की दुसरा. इतकंच.

इतकंच असलं तरी ते पहिल्या झटक्यात चाललं, आणि तिथेच माझी भुवई वर गेली. ज्यांनी पडदा आणि छोटा संगणक कधी जोडले आहेत त्यांना ठाऊक असतं की पहिल्या झटक्यात काही चालत नाही. दोहोंच्या मध्ये कागदासारखी पातळ, चपटी रिबन केबल असते. ती खाचेत सरकवायची, आणि वर नखाच्या कडेएवढा प्लास्टिकचा खटका दाबून ती पकडायची. केबल उलटी गेली, तिरकी गेली, केसभर बाहेर राहिली, तर झालं. पडदा काळा राहतो, नाहीतर नुसताच पांढरा उजळून बसतो. ऐन परीक्षेत पांढऱ्या पडद्यापुढे घामाघूम झालेली पोरं मी दरवर्षी बघते. त्यांच्यावर मला कधी संशय येत नाही. जे घामाघूम होत नाहीत त्यांच्यावर येतो.

मी डबा जवळ ओढला. बटणं नवी नव्हती. चारांतली दोन बोटांनी घासून गुळगुळीत झालेली. पडद्याच्या चौकटीत, सांध्यासांध्यांत, बारीक पांढरी धूळ भरलेली. प्रयोगशाळेतली धूळ अशी नसते. ही दुकानाच्या माळ्यावर महिनोन्महिने पडून राहिलेल्या वस्तूवरची वाटली. मी संगणकातल्या फाइली उघडायला सांगितल्या. त्यांच्यावर आदल्या नोव्हेंबरच्या तारखा. प्रोजेक्टचा विषय तिनं माझ्याकडे नोंदवला होता फेब्रुवारीत.

मग मी पडद्यावरचे शब्द नीट वाचले. ‘पाणी’. ‘औषध’. ‘उठवा’. ‘लवकर या’.

‘पाणी’ मधल्या ‘ण’ वर माझी नजर अडकली. सिहोऱ्याची हिंदी बोलणारी पोरगी ‘पानी’ लिहील. हा ण नागपूरचा होता. तिलवाऱ्यावरून आलेला, सीटखाली बसून. माझ्या मनात सगळे तुकडे एका जागी टकाटक बसले, आणि तसे ते बसतात तेव्हा जो एक गारवा वाटतो, कूलरसमोर येऊन उभं राहिल्यासारखा, तो मला वाटला.

मी हिंदीत विचारलं, हे कुठून आणलंस.

“घर से लाई हूँ,” ती म्हणाली.

मी परीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं उत्तर आम्ही दोघांनीही खूप ऐकलं होतं. मी म्हटलं, यह मराठी है, मराठी आती है तुम्हें? ती म्हणाली, समझती हूँ. समजते म्हणजे येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. परीक्षकांनी डब्यातल्या बॅटरीवर बोट ठेवलं. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रात ही वेगळी बॅटरी कशाला? रीना म्हणाली, मोटर सुरू झाली की स्क्रीन बंद पडायची, म्हणून. परीक्षक म्हणाले, कौन सी मोटर? तुमच्या सर्किटमध्ये मोटर कुठे आहे?

मोटर खरंच कुठे नव्हती. रीनानं डब्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर वरच्या बाजूला घाम आला. दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रातली मोटर हिनं पाठांतरात तशीच ठेवली, हे परीक्षकांनी मला इंग्रजीत सांगितलं, आणि मी मान हलवली. त्यांनी तिच्या नावापुढे गुण न लिहिता ‘पडताळणी बाकी’ असं लिहिलं आणि पुढचा नंबर बोलावला. डबा मी ठेवून घेतला. रीना म्हणाली, “मैडम, यह ले जाना ज़रूरी है.” मी म्हटलं, पडताळणी झाली की मिळेल.  तिनं वायरीची गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवली, व्यवस्थित, सुताची लड ठेवावी तशी. मी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शनिवारी मी मुद्दाम गेले. रीनाच्या वर्गाचा लेखी पेपर खालच्या मजल्यावर चालू होता. माझ्याकडे पर्यवेक्षण नव्हतं, तरी गेले. प्रयोगशाळेत मी एकटी. दुपारचे बारा वाजले असतील. पडदे ओढलेले, कूलरची घरघर. मला पुरावा हवा होता. आत कुठेतरी दुकानाचं लेबल असेल, पेन्सिलीनं लिहिलेला एखादा फोन नंबर असेल, दुसऱ्या पोराचं नाव असेल. मी डब्याचे चार स्क्रू काढले.

आत काहीच नव्हतं. म्हणजे जे असायला हवं तेच होतं, आणि ते फार नीटसपणे लावलेलं. पांढरी धूळ आतही होती. वायरी दोऱ्यानं बांधलेल्या, शिवणकामाच्या दोऱ्यानं. एवढ्यावर थांबले असते तर. पण पडद्याच्या मागे, केबलखाली काहीतरी चिकटवलेलं दिसलं, आणि ते बघायला मी रिबन केबल काढू लागले. खटका नखानं वर उचलायचा असतो, मी तो ओढला. टिक् असा आवाज झाला. गव्हाच्या कोंड्याएवढा तपकिरी तुकडा टेबलावर पडला.

केबलखाली चिकटवलेला होता नुसता चिकटपट्टीचा तुकडा. कोरा.

मी केबल परत बसवली. ती खाचेत राहीना. वीज लावली तर पडदा पांढरा. परत बसवली, परत पांढरा. अर्धा तास मी तेच केलं, इतकी वर्षं पोरांना जे शिकवते ते, आणि माझ्या वरच्या ओठावर घाम आला तो मलाच जाणवला. शेवटी स्क्रू लावले, डबा कपाटात ठेवला, आणि पडताळणीच्या कागदावर लिहिलं: ‘पडद्याचं पॅनल चालू स्थितीत नाही.’

ते वाक्य खोटं नव्हतं. मी स्वतःला हे कितीदा तरी सांगितलं. अशी वाक्यं फार सोयीची असतात, ज्यांत प्रत्येक शब्द खरा असतो. रविवारभर मला त्या पोरीचाच राग येत राहिला. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना मी मनातल्या मनात तिला विचारत होते: मोटर कुठे आहे? सांग, मोटर कुठे आहे? आपल्या हातून चूक झाली की संशय असा दुप्पट जोरानं समोरच्याकडे वळतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. कळून फार फरक पडतो असं नाही.

कारण याही वर्षी तेच होतं आहे. कालच एका पोरानं चकचकीत पडदा आणला, त्यावर बाजारभाव सरकत होते, आणि मी त्याच्या बोटांकडे बघत बसले. सोल्डरिंगचे चटके आहेत का बोटांवर? नव्हते. अडचण अशी आहे की माझा संशय बहुतेक वेळा खरा ठरतो. तो नेहमी खोटा ठरला असता तर मी केव्हाच सोडून दिला असता. कालचाही खरा ठरला. ते पोरगं पाच मिनिटांत रडकुंडीला येऊन कबूल झालं. माझ्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवायचंच काय ते बाकी ठेवलं. मला मात्र घरी जाईपर्यंत गोड वाटलं नाही.

सोमवारी दुपारी आमचे प्रयोगशाळा सहायक दुबेजी आत आले आणि म्हणाले, कुणी बुजुर्ग आले आहेत, खूप मोठ्यानं बोलताहेत, आपको पूछ रहे हैं. पाठोपाठ ते आलेच. साठीचे असावेत. खांद्यावर गमछा, पायात टायरच्या चपला. भुवया पांढऱ्या, जवळ आल्यावर दिसलं की पांढऱ्या नाहीत, त्यांच्यात पीठ आहे. कानांच्या पाळ्यांवर, मानेच्या सुरकुत्यांत, शर्टाच्या शिवणीत पीठ. बारीक, पांढरं.

“नमस्कार मॅडम,” ते म्हणाले, आणि तो आवाज सगळ्या मजल्यावर गेला असेल. “मी रीनाचा बाप. सिहोऱ्याहून आलो. ते पाटी तुमच्यापाशी जमा हाये म्हणते पोरगी. काम झालं असन तं वापस देता का?”

मराठी. आमच्या घरातली, माझ्या वडिलांची मराठी, तीच लय. मी खुर्चीतून उठले. काहीतरी बोलले, बसा म्हणाले असेन. त्यांनी कानाला हात लावून हलवला.

“ऐकू नाही येत. चक्कीनं कान खाल्ले. लिहून द्या.”

मी कागद ओढला. आणि काय लिहिलं असेल? आजही मला ते आठवून चेहरा झाकावासा वाटतो. मी लिहिलं: ‘कशासाठी पाहिजे?’ समोर पिठानं माखलेला माणूस उभा, तीन दिवस कपाटात पिठानं भरलेला डबा, आणि माझा हात अजून चौकशी करत होता.

त्यांनी कागद लांब धरून सावकाश वाचला. मग सांगितलं. आवाज मोठा होता, पण त्यात तक्रार नव्हती. कुणी पत्ता विचारला तर सांगावा तसं सांगितलं. त्यांची घरासमोरच्या खोलीत पिठाची चक्की. रीनाची आई दिवाळीच्या आधी अंगणात पडली, तेव्हापासून कंबरेखाली जोर नाही, आतल्या खोलीत खाटेवर असते. रीना सकाळी बसनं जबलपूरला जाते ती संध्याकाळी येते. दिवसभर घरात दोघंच, एक उठू न शकणारी आणि एक ऐकू न येणारा. तिनं हाका मारल्या तरी यांना कळायचं नाही. सुरुवातीला ते दर थोड्या वेळानं चक्की थांबवून आत बघून यायचे. मग पोरीनं ही पाटी करून दिली. खाटेजवळ बटणं, चक्कीच्या भिंतीवर पाटी. चक्कीची मोटर सुरू झाली की पाटी विझायची, मग पोरीनं आत बॅटरी बसवली.

मोटर. ती तिथं होती, सिहोऱ्यात, दगडी जात्याच्या पट्ट्याला जोडलेली.

“शुक्रवारपासून पाटी नाही,” ते म्हणाले. “शनवारी पोरीचा पेपर होता. मी दळत बसलो. गर्दी होती, शनवार म्हणून. पोरीची माय पाण्यासाठी ताट वाजवत राहिली म्हणते चमच्यानं. मले काय माहीत? दुपारी आत गेलो तं ओठ सुकून गेलते. रडली-बिडली नाही. म्हणे, पाटी कधी येईन?”

शनिवारी, दुपारी. मी स्क्रू काढत होते तेव्हा.

ते म्हणाले, आज चक्की बंद ठेवून आलो, शेजारीण बसली आहे तिच्यापाशी, दोनची बस मिळाली तर बरं. पोरीला सांगू नका मी आलो म्हणून, ती रागावते. सरकारी काम आहे, वेळ लागते म्हणते.

एवढंच रीनानं घरी सांगितलं होतं. सरकारी काम आहे, वेळ लागतो.

पण तुटलेला डबा त्यांच्या हातात तसाच देता येईना, म्हणून मी दुबेजींना रीनाला बोलावून आणायला सांगितलं. तिचा पेपर नुकताच सुटला होता. वडिलांना बघून ती दारातच थबकली. मी कपाट उघडलं, डबा टेबलावर ठेवला आणि मराठीत म्हणाले, “रीना, याचा खटका माझ्या हातून तुटला. शनिवारी. मी उघडला होता.”

त्या प्रयोगशाळेत माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं पुरं मराठी वाक्य असावं. दुबेजींनी वर पाहिलं. रीनानं पाहिलं नाही. तिनं पिशवीतून छोटा पेचकस काढला, स्क्रू काढले, केबल बोटांत धरून उजेडाकडे केली. मग पेन्सिलच्या डबीतून मोबाइलचं एक संपलेलं रिचार्ज कार्ड काढलं, त्याची नखाएवढी पट्टी कातरली, केबल खाचेत सरकवली आणि पट्टी तिच्या पाठीशी पाचरीसारखी दाबून बसवली. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. तोंडी परीक्षेत तिच्याकडे शब्द नव्हते. बोटांकडे सगळं होतं. तिनं वीज लावली. पडदा क्षणभर पांढरा राहिला. मग तिनं ठोकळ्यावरचं पहिलं बटण दाबलं.

‘पाणी’.

वडिलांनी मोठ्यानं, समाधानानं ‘हं’ केलं. ज्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही त्याचं ‘हं’.

मी तिला विचारलं, परीक्षेत सांगितलं का नाहीस?

ती डब्याचे स्क्रू आवळत होती. आवळून झाल्यावर म्हणाली, “आपने पूछा, कहाँ से लाई. मैंने कहा, घर से.” आणि पेचकस पिशवीत टाकत, “आगे बताती तो आप कहतीं, बहाना है.”

मी तेच म्हटलं असतं. बिछान्याला खिळलेल्या आया, आजारी वडील, वारलेल्या आज्या, सगळं मी परीक्षेच्या दिवसांत ऐकलेलं आहे. ती मला तीन वर्षं ओळखत होती, मी तिला ओळखत नव्हते. मागच्या बाकावरून माणूस फार स्वच्छ दिसतो.

त्या दोघांना दोनची बस मिळाली. मी खाली जाऊन विभागप्रमुखांना पडताळणीचा कागद दाखवला, माझं वाक्य खोडलं आणि त्याखाली लिहिलं की पॅनल माझ्या हातून तुटलं, काम विद्यार्थिनीचं स्वतःचं आहे आणि शंका निराधार होती. ते म्हणाले, मॅडम, इतकं लिहायची काय गरज, नुसतं ‘पडताळणी पूर्ण’ लिहा. त्यांचं चुकलं नव्हतं. पण मला त्या सोयीच्या वाक्यांची भीती बसली होती. परीक्षकांना कळवलं, त्यांनी फोनवर दोन-तीन प्रश्न विचारले आणि गुण पाठवले. बरे गुण दिले. मात्र एक गोष्ट माझ्या हातून निसटून गेली होती. एका कंपनीच्या मुलाखतीसाठी नावं शनिवारीच गेली होती, ज्यांचे प्रोजेक्ट पूर्ण झाले त्यांची. त्यात रीना नव्हती. मी धावपळ केली, पत्र दिलं, दोघांतिघांना भेटले. यादी बंद झाली होती.

तिनं मला त्याबद्दल कधीच काही म्हटलं नाही. पुढे ती सिहोऱ्यातच काम करू लागली. बाजारातल्या काट्यांचे पडदे, दवाखान्यातल्या नंबर दाखवणाऱ्या पाट्या, बंद पडलेलं असं काही लोक तिच्याकडे आणतात. हे मला दुबेजींकडून कळलं. ती नोकरी लागून दूर गेली असती तर त्या घरात पाटी बिघडल्यावर कुणी दुरुस्त केली असती, असं मी कधीतरी मनाशी म्हणते. म्हणजे माझ्यामुळे भलंच झालं, असं. मग लगेच माझ्याच या विचाराचा मला संशय येतो. तो संशय मात्र मी राहू देते.

त्या उन्हाळ्यातलं अजून एक सांगायचं राहिलं. रिचार्ज कार्डाची पट्टी किती दिवस टिकणार? मी एक नवं पॅनल मागवलं आणि रविवारी सकाळच्या बसनं सिहोऱ्याला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापलेल्या गव्हाची खुंटं उन्हात पिवळी पडलेली, बसमध्ये भुशाचा वास. रीना स्टँडवर आली होती. 

चक्की सुट्टीला बंद होती तरी त्या खोलीत पाऊल ठेवताच कोमट पिठाचा वास आला. भिंतीवर पाटीसाठी दोन खिळे, त्यांच्याभोवती पिठात उमटलेला स्वच्छ चौकोन. रीनानं नवं पॅनल जोडलं. खटका दाबताना तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात जरा आडवा केला, मी मदतीला पुढे येऊ नये म्हणून. चित्र उलटं आलं, शब्द डोक्यावर उभे. तिनं एक ओळ बदलली, संगणक पुन्हा सुरू केला, शब्द सरळ झाले. तिच्या वडिलांनी मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि गावातल्या उन्हाबद्दल मोठमोठ्यानं सांगितलं.

मग मी आत गेले. खाट खिडकीलगत होती. रीनाची आई माझ्याच वयाची असावी, केस नुकतेच विंचरलेले, पाहुणी येणार म्हणून इस्त्रीची साडी. उशाशी तो लाकडी ठोकळा, चार बटणांचा. आता मला समजलं, त्यातली दोन घासून गुळगुळीत का झाली होती. मी नमस्कार केला आणि मराठीत म्हणाले, आता नवं बसवलं आहे, चांगलं चालेल. मला आणखी बोलायचं होतं. बसमध्ये सगळी वाक्यं जुळवली होती. माफी मागायची होती.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. ती नजर मला ओळखीची वाटली नाही, कारण आजवर ती माझ्याकडे कुणी वळवली नव्हती.

“तुमीच का मॅडम?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

“मंग हे बी नेसान का तपासाले?”

“नाही ताई,” मी म्हणाले. “हे नाही नेणार.”

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला असं काही त्या चेहऱ्यावर दिसलं नाही, आणि बसावा तरी कशावरून. त्यांनी मला बसायला सांगितलं, माझ्या माहेरचं गाव विचारलं, अमरावतीकडचं म्हटल्यावर तिथल्या एका नात्याचा पत्ताही लावायचा प्रयत्न केला. बोलणं रीतीनं, आदरानं चाललं होतं. पण त्यांचा उजवा हात चादरीखालून निघून त्या लाकडी ठोकळ्यावर गेला होता, पाची बोटं पसरून. मी चहा संपवला, उठले, चपला घातल्या, दारातून वळून पाहिलं. हात तिथेच होता.